वारसाचे हत्यार : ‘हेअरलूम’ ह्या शब्दाची हकिकत

इंग्रजी भाषेतील एका शब्दाची हकिकत आज आम्हांस सांगावयाची आहे. शब्द आहे ‘हेअरलूम’. तो आता आपल्याही गावात शिरला आहे. सराफाच्या दुकानात तो दिसतो, पैठणीच्या जाहिरातीत दिसतो, जुन्या घड्याळांच्या सौद्यात कानांवर येतो. पणजीची नथ, आजीची चिंचपेटी असे काही चारचौघांत दाखवावयाचे असले की हल्ली लोक ‘हेअरलूम’ म्हणतात. मराठीत आपण त्याला वाडवडिलांची ठेव म्हणू, पिढीजात वस्तू म्हणू. अर्थ इतका सरळ असताना त्याची हकिकत ती काय, असे कोणी विचारील. परंतु ह्या शब्दाच्या शेपटाला जे ‘लूम’ आहे, तेथे आमच्यासारख्या गिरणगावातल्या माणसाचे पाऊल अडते. लूम म्हणजे माग. मुंबईच्या गिरण्यांत ज्याला साचा म्हणत तो. वारसाच्या मागे हा माग कोठून लागला? दागिन्यांच्या डब्यात साचा काय करतो?

ह्या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला, तर मालमत्ता, कायदा आणि कष्ट ह्यांचा सहाशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो. आम्ही पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली, आणि पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता झाले. म्हणून शब्दाकडे पाहण्याची आमची दृष्टीही अर्ज लिहिणाऱ्याचीच आहे. ह्या शब्दाने कोणाला काय मिळते आणि कोणाचे काय जाते, एवढेच आम्ही पाहतो.

प्रथम शब्दाची फोड करू. ‘हेअर’ म्हणजे वारस. हा शब्द मूळचा लॅटिन, आणि इंग्लंडात तो आला फ्रेंचांच्या तोंडून. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, आणि पुढे कित्येक पिढ्या तेथील दरबाराची व न्यायालयाची भाषा फ्रेंच राहिली. आपल्याकडे यवनी अमदानीत दप्तराची भाषा फारसी झाली, आणि ‘वारस’, ‘मिरास’, ‘वतन’, ‘दस्त’ हे शब्द आपल्या घरात कायमचे राहावयास आले, तसाच हा प्रकार. जिंकणाऱ्याची भाषा प्रथम जमिनीच्या कागदावर बसते. ‘वारस’ आणि ‘मिरास’ ही दोन्ही एकाच अरबी धातूची लेकरे आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे इंग्रजांच्या ‘हेअर’ची जातकुळी समजावयास अडचण पडू नये.

‘लूम’ मात्र अस्सल देशी. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘गेलोमा’ असे होते, आणि त्याचा अर्थ माग नव्हे. अर्थ होता अवजार, हत्यार, उपयोगाची कोणतीही वस्तू. कुदळही लूम, रांजणही लूम. इसवी सन १४०० च्या सुमारास ह्या सर्व अवजारांतून एक अवजार पुढे आले, आणि कापड विणण्याच्या मागाला हे नाव विशेषकरून चिकटले. असे भाषेत नेहमीच घडते. आपल्याकडे ‘साचा’ म्हणजे मुळात ओतकामाचा ठसा; पण परळ-लालबागमध्ये ‘साचा’ म्हटले की फक्त कापडाचा माग, आणि ‘साचेवाला’ म्हणजे विणकर. ज्या कामावर हजारो हात लागतात ते काम सामान्य शब्द उचलून आपल्या घरी नेते.

‘हेअरलूम’ हा जोडशब्द पंधराव्या शतकाच्या आरंभीच्या कागदांत आढळतो. तेव्हा त्याचा अर्थ अगदी शब्दशः होता : वारसाकडे जाणारे अवजार. एक पाय फ्रेंच, एक पाय गावठी. कायदा वरच्यांचा आणि हत्यार खालच्यांचे. दागिना ह्या शब्दात कोठेच नव्हता.

आता असा शब्द मुळात का लागला? त्याचे कारण इंग्लंडच्या वारसा-कायद्यात आहे. त्या कायद्याने माणसाच्या मालमत्तेचे दोन तुकडे केले होते. जमीन आणि घर हा एक तुकडा. तो थोरल्या मुलाकडे जाई. गुरेढोरे, भांडीकुंडी, धान्य, पैसा हा दुसरा. तो मृत्युपत्राची व्यवस्था पाहणाऱ्या इसमाच्या ताब्यात जाई, त्यातून कर्जे फिटत, वाटण्या होत. पहिल्याचा न्याय राजाच्या न्यायालयात, दुसऱ्याचा धर्मपीठाच्या न्यायालयात. आणि ही दुसरी गोष्ट १८५७ पर्यंत चालली होती. परिणाम काय झाला पाहा. बाप मेला की मुलाला घर मिळे, पण रिकामे. शेत मिळे, पण नांगर दुसऱ्याच्या वाट्याला. ज्या घरात चूल पेटविण्यास भांडे नाही आणि ज्या शेताला गाडी नाही, त्या वारशाचा उपयोग काय? म्हणून निरनिराळ्या भागांत रूढी पडली की घरातले काही निवडक सामान घराबरोबरच जावे. एडवर्ड कोक ह्या विख्यात न्यायाधीशाने १६२८ सालच्या आपल्या ग्रंथात ही यादी दिली आहे. उत्तम पलंग, उत्तम मेज, उत्तम भांडे, तवा, गाडी आणि अशाच इतर निर्जीव जंगम वस्तू. यादी नीट ऐका. तीत एकही हिरा नाही. ही सारी संसार चालविण्याची साधने आहेत. वारसाने उद्या सकाळी कामाला लागावे, एवढाच तिचा हेतू.

पुढे दीडशे वर्षांत काय पालट झाला ते दुसऱ्या एका ग्रंथात दिसते. विल्यम ब्लॅकस्टन ह्याने इंग्लंडच्या कायद्यावर चार खंडांचे भाष्य लिहिले. त्याचा दुसरा खंड १७६६ सालचा. पुढे आपल्या देशातल्या वकिलांच्या पिढ्याही हा ग्रंथ वाचून तयार झाल्या. त्यात ‘हेअरलूम’ची व्युत्पत्ती देताना ब्लॅकस्टन सांगतो की ‘लूम’ म्हणजे जुन्या सॅक्सन भाषेत अवयव; म्हणून हेअरलूम म्हणजे वारशाचा एक अवयव. ही व्युत्पत्ती चुकीची आहे, हे पुढील भाषाशास्त्रज्ञांनी दाखविले. परंतु इतक्या विद्वान माणसाला शब्दातले अवजार दिसू नये ह्याचे कारण त्याच्याच यादीत आहे. त्याच्या यादीत राजमुकुटाची प्राचीन रत्ने आहेत, उपवनातील हरणे आहेत, तळ्यातले मासे आणि खुराड्यातली कबुतरे आहेत, जमिनीच्या सनदा आहेत आणि त्या ज्या पेटीत ठेवावयाच्या ती पेटीही आहे. चर्चमध्ये टांगलेले पूर्वजांचे चिलखत आहे. आणि गाड्या, भांडी, घरातली अवजारे? त्यांच्याविषयी तो म्हणतो की काही ठिकाणच्या खास रूढीने तीही हेअरलूम होऊ शकतात, पण ती रूढी काटेकोरपणे शाबीत केली पाहिजे. ज्या वस्तूंसाठी शब्द जन्मला त्या वस्तूंनाच आता पुराव्याचा दाखला मागण्यात आला. घराचा मूळ मालक देवडीवर उभा राहिला आणि पाहुणा माजघरात बसला, अशातला हा प्रकार.

ब्लॅकस्टनच्या त्याच प्रकरणात आणखी एक प्रथा येते, आणि ती हेअरलूमच्या शेजारीच बसविलेली आहे. तिचे नाव ‘हेरियट’. कूळ मेले की त्याच्या गोठ्यातले सर्वांत उत्तम जनावर जमीनदाराने न्यावयाचे, ही ती प्रथा. हा शब्दही मुळात हत्याराचाच आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ लढाईचा सरंजाम. सरदाराने आपल्या शिपायास घोडा व शस्त्रे द्यावीत, आणि शिपाई मेल्यावर ती परत घ्यावीत, असा मूळ व्यवहार. पुढे शिपायाचे कूळ झाले, शस्त्राच्या जागी बैल आला. देणे थांबले आणि घेणे मात्र राहिले. मराठीत ‘हत्यार’ म्हटले की तलवारही येते आणि सुताराची वाकसही येते. म्हणून ह्या दोन शब्दांतले नाते आपल्याला इंग्रजांपेक्षाही लवकर उमगावे. जमीनदार मेला तर त्याच्या घरातली उत्तम वस्तू वारसाकडे जाते; कूळ मेले तर त्याच्या घरातली उत्तम वस्तू जमीनदाराकडे जाते. दोन्ही रूढीच, दोन्ही ‘उत्तम वस्तू’च, फरक फक्त दरवाजाचा. ह्या हेरियटच्या मुळावर कायद्याचा घाव बसला तो थेट १९२२ साली.

एकोणिसाव्या शतकात ‘हेअरलूम’ हा शब्द पुरता वाड्यात राहावयास गेला. मोठ्या घराण्यांनी दस्तऐवज करून चित्रे, ग्रंथसंग्रह, चांदीची भांडी, रत्नहार हे सर्व वारसाहक्काने बांधून टाकले, म्हणजे एखाद्या उधळ्या वंशजाने ते फुंकू नये. ह्यावरून इतके खटले झाले की तो विषय कादंबरीत गेला. अँथनी ट्रॉलप ह्याच्या १८७१ ते १८७३ ह्या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘युस्टेस डायमंड्स’ ह्या कादंबरीत सगळा गोंधळ दहा हजार पौंडांच्या एका रत्नहाराचा आहे. तरुण विधवा म्हणते, हार नवऱ्याने मला दिला. नवऱ्याचे घराणे म्हणते, तो हेअरलूम आहे. वकिलाचा सल्ला येतो की असा हार हेअरलूम ठरत नाही. ज्या वस्तूवाचून ह्या शब्दाचे आज पान हलत नाही, त्या वस्तूला जुना कायदा सहजासहजी हे नाव द्यावयास तयार नव्हता, ही त्यातली गंमत. पण बाजाराने कायद्याचे ऐकले नाही. शेतीचे उत्पन्न घसरले तेव्हा हीच घराणी बांधलेल्या वस्तू सोडवून विकण्यास निघाली. मार्लबरोच्या ड्यूकच्या घराण्यासाठी १८८० साली खास कायदा झाला, त्यांचे प्रचंड ग्रंथालय लिलावात गेले, आणि १८८५ साली राफाएलचे एक चित्र ७०,००० पौंडांना लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयाने घेतले. १८८२ च्या कायद्याने सर्वच मोठ्या घराण्यांना न्यायालयाच्या परवानगीने हेअरलूम विकण्याची वाट मोकळी झाली. पिढ्यान्पिढ्या जपलेल्या ठेवीवर पहिला भाव असा लागला.

आता वाड्यातून विणकराच्या झोपडीकडे वळू. कारण ‘लूम’ हा शब्द ज्या वस्तूवर जाऊन बसला ती वस्तू तेथे होती. यंत्रयुगापूर्वी लँकेशायर-यॉर्कशायरच्या खेड्यांत माग घरातच असे. बाप विणी, आई सूत काती, पोरे कांड्या भरीत. विणकर मेला म्हणजे त्याच्या मालाच्या यादीत मागाची नोंद होई, आणि तो मुलाकडे जाई. त्या घरात माग हा दोन्ही अर्थांनी हेअरलूम होता. परंतु हळूहळू मागाचा मालक बदलू लागला. मोजे विणणाऱ्या कारागिरांत तर अठराव्या शतकातच विणण्याची चौकट व्यापाऱ्याची आणि भाडे कारागिराचे अशी स्थिती सर्रास झाली.

१७४४ सालचा एक खटला ह्या संदर्भात आम्हांस फार बोलका वाटतो. घरभाड्याच्या थकबाकीपायी एका जमीनमालकाने मोजे विणण्याची चौकट उचलून नेली. ती चालू होती. कारागिराचा उमेदवार तीवर काम करीत बसला होता. न्यायालयाने निकाल दिला की माणूस ज्या हत्यारावर प्रत्यक्ष काम करीत आहे ते हत्यार भाड्यापोटी नेता येणार नाही. निकाल न्याय्यच होता, आणि त्याचे नाव कायद्याच्या पुस्तकांत शेकडो वर्षे राहिले. पण दावा लावणारा कोण होता? कारागीर नव्हे. चौकट त्याची नव्हतीच. ती त्याने आठवड्याच्या भाड्याने आणली होती. दावा चौकटीच्या मालकाचा. हत्याराला कायद्याचे संरक्षण मिळाले खरे, पण तोपर्यंत हत्यार कामगाराच्या हातून निसटले होते. हे चौकटीचे भाडे मजुरीतून कापण्याची पद्धत कायद्याने बंद व्हावयास १८७४ साल उजाडले.

मागाचेही तसेच झाले. १७३३ साली जॉन केने धावता धोटा काढला, १७८५ साली कार्टराइटने यंत्रमागाचे पेटंट घेतले. १८१३ साली ब्रिटनमध्ये सुमारे २,४०० यंत्रमाग होते. १८३३ साली ते सुमारे एक लाख झाले. बोल्टन गावच्या हातमाग-विणकराची आठवड्याची मजुरी १७९५ साली ३३ शिलिंग होती. १८१५ साली ती १४ शिलिंगांवर आणि १८३० च्या सुमारास साडेपाच शिलिंगांवर आली. १८१२ साली यंत्रे फोडणाऱ्यास फाशी देण्याचा कायदा झाला. कवी बायरनने सरदारसभेत त्याला विरोध केला, पण कायदा व्हावयाचा तो झालाच. १८२६ च्या एप्रिलमध्ये पूर्व लँकेशायरच्या उपाशी विणकरांनी काही दिवसांत हजाराच्या वर यंत्रमाग फोडले. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. ते फोडीत होते ते यंत्र दुसऱ्याच्या मालकीचे होते. आणि घरी जो माग होता, तो मुलाला ठेवण्याच्या लायकीचा राहिला नव्हता. लूम राहिला, वाढला, लाखांनी वाढला. पण तो आता भागधारकांच्या वारसांकडे जाऊ लागला. विणकराच्या वारसाकडे गेले ते फक्त दोन हात.

त्याच लँकेशायरचे कापड आपल्या बाजारात उतरले तेव्हा आपल्या हातमागाची काय दशा झाली, ते सर्वांस ठाऊक आहे. पुढे मुंबईत १८५४ साली पहिल्या गिरणीचा पाया पडला, आणि कोकण-घाटावरचे लोक साचे चालविण्यास आले. आपल्या दिवाणी कायद्यात, १९०८ च्या संहितेच्या कलम ६० मध्ये, कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे, बैल व बियाणे कर्जाच्या जप्तीत घेता येणार नाहीत असे कलम आहे. फार मोलाचे कलम आहे ते. मात्र गिरणीच्या साचेवाल्याला त्याचा उपयोग नव्हता. जप्त होण्यासारखे हत्यार त्याच्याजवळ नव्हतेच.

मग गिरणी कामगाराने मुलाला काय ठेवावे? प्रथम त्याने नोकरी ठेवण्याचा प्रयत्न केला. जॉबरच्या हातापाया पडून बापाच्या खात्यात मुलगा बदली म्हणून लागे. पण तो हक्क नव्हता, ती मेहेरबानी होती; आणि मेहेरबानी वारशाने जात नाही. म्हणून कामगार चळवळीने दुसरा रस्ता धरला. १९२३ चा अपघात-भरपाईचा कायदा, १९५२ चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा, १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा ह्यांकडे आम्ही त्या दृष्टीने पाहतो. हे कायदे पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गुंफले गेले. त्यांचा गाभा एकच आहे : ज्याच्याजवळ हत्यार नाही त्याच्याही मागे काहीतरी उरावे, आणि ते मालकाच्या मर्जीने नव्हे तर हक्काने वारसाच्या हाती पडावे. कोकच्या यादीतली गाडी आणि तवा ह्यांच्या जागी ही नवी साधने आली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांत सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्याचा शेवट काय झाला हे सांगण्याची गरज नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, साचे भंगारात गेले, राहिली ती जमीन. १९९१ च्या नियमाने त्या जमिनीचे तीन वाटे ठरले : एक महापालिकेला, एक घरबांधणीसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलून वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती ठेवण्यात आली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. तरीही कामगारांनी पिच्छा सोडला नाही, आणि २०१२ पासून ‘गिरणी कामगार अथवा त्यांचे वारस’ ह्यांच्यासाठी घरांच्या सोडती निघू लागल्या.

ह्या अर्जांच्या कामात आमची बरीच वर्षे गेली आहेत. अर्जावर वारस हा शब्द असतो, आणि त्या शब्दासाठी पुरावा मागतात : गिरणीचा ओळखपत्राचा पुठ्ठा, तिकीट नंबर, हजेरीचा कागद, निधीची चिठ्ठी. ज्यांच्या आईने पत्र्याच्या ट्रंकेत हे कागद लुगड्याच्या घडीखाली जपले, त्यांचा अर्ज उभा राहिला. ज्यांनी ‘गिरणीच गेली, कागद काय चाटायचे’ म्हणून ते बंबात घातले, त्यांना बापाने तीस वर्षे काम केले हे सिद्ध करताना नाकी नऊ आले. ब्लॅकस्टनने सांगितले होते की जमिनीच्या सनदा आणि त्या ठेवण्याची पेटी वारसाकडे जाते. चाळीतली ती ट्रंक म्हणजे आमच्या लोकांची सनदांची पेटी होय. आणखी एक गोष्ट ह्या कामात दिसली. वारस म्हणून मुलाचेच नाव पुढे येई. लग्न झालेल्या बहिणीचे नाव भाऊ लिहीतच नसत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, आई, मुलगा आणि मुलगी ह्यांना पहिल्या वर्गाचे वारस म्हणून बरोबरीने बसविले आहे. सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज थोरल्या मुलाचा कित्ता गिरगावात किंवा गिरणगावात गिरविण्याचे आता कारण नाही. खुद्द इंग्रजांनीही मृत्युपत्र नसल्यास थोरल्यालाच जमीन देण्याचा नियम १९२५ च्या कायद्याने मोडून काढला.

येथवर आम्ही हत्यार वारसाकडे जावे ह्या बाजूने बोललो. पण ह्या प्रश्नाला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून बसणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या देशात हत्यार वारशाने जाणे ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही. जातीने हेच केले. चांभाराच्या मुलाला रापी, न्हाव्याच्या मुलाला वस्तरा, आणि ज्याच्या हाती झाडू दिला त्याच्या नातवाच्याही हाती झाडूच. १८७४ च्या वतन कायद्याने गावकामगाराचे काम घराण्याला बांधून ठेवले. कामाचे बंधन वारशाने जाई आणि मोबदला मात्र गावाच्या मर्जीवर राही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात हा कायदा सुधारण्याचे विधेयक मांडले ते ह्याच कारणासाठी. ती कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हावयास १९५८ साल लागले. ज्या वारशाला नाही म्हणता येत नाही तो वारसा नव्हे, ती बेडी होय.

सफाई कामगारांच्या चळवळीत हा पेच रोज सामोरा येतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी देण्याची पद्धत पडली. तिच्यासाठी आम्ही कचेऱ्यांचे उंबरे झिजविले आहेत, आणि पुढेही झिजवू. कारण बाप गटारात उतरून खोकत मेला आणि घरात दुसरी मिळकत नाही, तेव्हा ती नोकरी म्हणजे घरातली भाकरी असते. पण बारावी झालेला मुलगा विचारतो, ‘साहेब, वारशात झाडूच का?’ त्याला उत्तर दिले पाहिजे. आमचे उत्तर असे आहे : हक्क वारशाने जावा, हत्यार जाऊ नये. नोकरीचा हक्क मुलाला मिळावा आणि काम त्याच्या शिक्षणाप्रमाणे मिळावे. इंग्रजांचा हेअरलूमचा नियम येथे उपयोगी पडतो. मालकाला तो मृत्युपत्राने दुसऱ्यास देता येत नसे, पण हयातीत विकता येई. म्हणजे पुढच्या पिढीचा हक्क मागच्याने लिहून हिरावता येत नसे, आणि जिवंत माणसाचे हातही बांधलेले नसत. एवढे दोन गुण ज्या वारशात आहेत तोच वारसा माणसाच्या उपयोगाचा.

शेवटी ह्या शब्दाची अलीकडची चाल सांगतो. तो पुन्हा अवजाराकडे परत निघाला आहे. अमेरिकेत १९७५ साली जुनी बियाणी जपून त्यांची देवघेव करणारी एक संस्था निघाली, आणि आज तेथील बाजारात घरोघरी जतन केलेल्या जुन्या वाणांच्या टोमॅटोला, घेवड्याला ‘हेअरलूम’ म्हणतात. आपल्याकडे अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे ह्यांनी तेच काम गावरान वाणांसाठी केले, आणि त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा हक्कही मान्य केला आहे. बी म्हणजे शेतकऱ्याचे पहिले हत्यार. मडक्यात राखेत ठेवलेले बी सुनेच्या हाती देणारी सासू कोकच्या यादीच्या फार जवळची आहे; सराफाची पाटी तितकी जवळची नाही.

श्रोत्यांपैकी बहुतेकांच्या घरी रत्नहार नसेल, आणि त्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. परंतु हयातीचे कागद प्रत्येकाच्या घरी आहेत. ते एका जागी ठेवा. निधीच्या अर्जावर वारस म्हणून कोणाचे नाव लिहिले आहे ते एकदा पाहा. लग्नापूर्वी लिहिलेले नाव तसेच राहिले असेल तर बदला. कोणते कागद कोठे आहेत हे मुलाला सांगा आणि मुलीलाही सांगा. आमच्या कचेरीत येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हेच सांगतो, आणि आजही दुसरे काही सांगावयाचे नाही.